पेन्सिलीचा कंस : एका महसूल मंडळातलं री-एडिटचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महसूल मंडळाचं आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात संगणकावरचा सात-बारा हस्तलिखित सात-बाराशी तंतोतंत जुळवायचं काम राज्यभर चालू होतं. तेव्हा मी त्या मंडळाचा मंडळ अधिकारी होतो, गावच्या बोलीत सर्कल. तालुका, गावं, माणसं यांची नावं मुद्दाम घेत नाही, कारण त्यातली बरीच मंडळी अजून नोकरीत आहेत आणि काही गट अजून कोर्टात आहेत. हाताखालच्या माणसांचं रोजचं काम मुळापासून बदलतं तेव्हा मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याच्या हातात नेमकं काय असतं, एवढ्यापुरतंच हे टिपण आहे. वरच्यांनी निर्णय घेतलेला असतो आणि खालच्यांना राबायचं असतं. मधल्याकडे ना निर्णय, ना कीबोर्ड.

महसूल खात्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. सात-बारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर कोणाचा बोजा, तर बारामध्ये पीक. नाव चढतं किंवा उतरतं ते गाव नमुना सहामधल्या फेरफारानं. तलाठी नोंद धरतो, नोटिसा काढतो, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतो आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हे सगळं आलेलं आहे. हस्तलिखितात ज्याचा हक्क संपला त्याचं नाव खोडायची पद्धत नव्हती. नावाला कंस करायचा आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकायचा. एवढ्याशा कंसावर पिढ्यानपिढ्यांची भाऊबंदकी तोललेली असते.

राज्यात सुमारे अडीच कोटी सात-बारा आहेत. त्यांची पहिली डाटा एंट्री बऱ्याच वर्षांपूर्वी झाली, बहुतेक ठिकाणी ठेक्यावरच्या ऑपरेटरांकडून. त्यांना शेतीही ठाऊक नव्हती आणि कंसही. त्यामुळे कंस गळाले, मयत माणसं उताऱ्यावर जिवंत झाली, ‘आर’चे (आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग) आकडे एका रकान्यातून दुसऱ्यात गेले, आणेवारी म्हणजे आण्यांतला हिस्सा होता तिथे हेक्टर आले. हे निस्तरायला आधी एडिट आणि मग री-एडिट मॉड्यूल आलं. गावोगावी चावडी वाचन घ्यायचं, म्हणजे उतारे गावासमोर वाचून दाखवायचे, हरकती लिहून घ्यायच्या, दुरुस्त्या करायच्या आणि शेवटी घोषणापत्रावर सही करायची की या गावाचा संगणकीकृत अभिलेख हस्तलिखिताशी जुळतो. त्यानंतर हस्तलिखित बंद. पुढे उतारा मिळणार तो फक्त संगणकावरून, तलाठ्याच्या डिजिटल सहीनं.

भीती कशाची होती

माझ्या मंडळात सात सजे होते, सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं. सातही तलाठ्यांची पहिली बैठक घेतली तेव्हा सगळ्यांची तक्रार एकच होती, सर्व्हर. ती खोटी नव्हती. दिवसा एक गट उघडायला चहा पिऊन यावं लागायचं. खरा वेग मिळायचा रात्री अकराच्या पुढे. लॅपटॉप बहुतेकांनी पदरच्या पैशानं घेतलेले आणि नेटचं डोंगलही पदरचंच. पण बैठक संपल्यावर जे थांबले त्यांचं बोलणं वेगळं निघालं.

सगळ्यात ज्येष्ठ तलाठी निवृत्तीला टेकलेले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते म्हणाले, “भाऊसाहेब, टायपिंग शिकीन मी, त्याचं काय एवढं. पण चूक केली ऑपरेटरनं, तीही मी या सज्यात यायच्या आधी. आणि शंभर टक्के बरोबर आहे म्हणून सही माझी. उद्या पेन्शन अडकली तर कोणाकडं जायचं?”

या प्रश्नाला बदलाच्या कुठल्याही प्रशिक्षणात उत्तर नव्हतं. तिथे कोणतं बटण कुठे, एवढंच शिकवत होते. अण्णांचा प्रश्न मात्र कायद्याचा होता आणि अगदी रास्त होता. हस्तलिखितात चूक झाली तर ती दुरुस्त करायची एक चाकोरी होती, माणसं होती, वेळ होता. इथे सहीवर तारीख-वेळ उमटणार, आणि एकदा गाव बंद झालं की प्रत्येक दुरुस्तीला कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश लागणार.

दुसरी एक गोष्ट कोणी बोलत नव्हतं, पण होती. दप्तर ज्याच्या कपाटात त्याचा शब्द गावात चालतो. उतारा कोणालाही, कुठूनही निघणार म्हटल्यावर तो शब्द सैल होणार, हे सातही जणांना कळत होतं. त्या शब्दाखाली काय काय चालायचं यावर महाराष्ट्रात पुरेसं बोलून झालं आहे. मला इथे एवढंच नोंदवायचं आहे की त्यात सगळाच पैसा नव्हता. ‘भाऊसाहेब आले’ म्हटल्यावर पारावरची माणसं उठून उभी राहतात. तीस वर्षं ते अंगवळणी पडलेल्या माणसाला ‘आता सॉफ्टवेअर बघेल’ हे ऐकायला कसं लागतं, याचा विचार परिपत्रकात नसतो.

तिसरा प्रश्न झिरो तलाठ्यांचा. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी : तलाठ्यानं स्वतःच्या खिशातून पगार देऊन ठेवलेला खासगी मदतनीस. कागदावर तो नसतो, म्हणून झिरो. एका सज्यातलं जवळजवळ सगळं लिखाण अशा एका हुशार पोराच्या हातचं होतं. आता सहीची किल्ली, म्हणजे डीएससीचं डोंगल, त्याच्याच हातात देऊन मोकळं व्हायचं, असा त्या तलाठ्याचा सरळ हिशेब होता.

आधी स्वतः

तलाठी म्हणून मी बरीच वर्षं काढलेली होती, पण हस्तलिखितावर. री-एडिट मी केलेलं नव्हतं आणि करायची गरजही नव्हती. मंडळ अधिकाऱ्यानं ठरावीक हिस्सा तपासायचा, बाकी शंभर टक्के जबाबदारी तलाठ्याची, अशी रचना होती. मी एक गाव निवडलं, मंडळातलं सगळ्यात लहान. त्या गावचे सगळे संगणकीकृत उतारे छापून घेतले आणि हस्तलिखित शेजारी ठेवून पहिल्या गटापासून शेवटच्यापर्यंत लाल पेनानं तपासले. हिस्सा नव्हे, सगळेच. रोज संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर बसायचो.

यातून दोन गोष्टी हाती आल्या. एक म्हणजे चुका कोणत्या जातीच्या आहेत ते समजलं, नुसता आकडा नव्हे. दुसरी, पुढच्या बैठकीत मी बोलायला लागलो तेव्हा कोणी मोबाइल काढला नाही. बदलाच्या काळात साहेबानं उत्साही असावं असं म्हणतात. माझा अनुभव असा की साहेबाच्या उत्साहाचा कंटाळा येतो. साहेबाला कामाची खाचखळगी माहीत आहेत, एवढं दिसलं तरी माणसं ऐकून घेतात.

त्या लहान गावातला एक गट सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरलं. गटाचं एकूण क्षेत्र २ हेक्टर ४३ आर. खातेदार चार भाऊ, तिघांना प्रत्येकी ६१ आर आणि धाकट्याला ५६. बेरीज २ हेक्टर ३९. चार आर गायब. हस्तलिखितात हे वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं, कारण कागद बेरीज मागत नाही. सॉफ्टवेअर मागतं. खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नसेल तर गट ओडीसीच्या, म्हणजे विसंगती दाखवणाऱ्या अहवालात येऊन बसतो, आणि अहवाल निरंक, म्हणजे रिकामा, झाल्याशिवाय गाव पुढे सरकत नाही.

सोपा उपाय सगळ्यांना सुचला : चार आर धाकट्याच्या नावावर टाका, त्याचेही जवळपास इतरांएवढेच होतात. साठ आर. डोळ्यांना बरं दिसतं, बेरीज जुळते, अहवाल निरंक.

अण्णांनी मात्र गावचं जुनं फेरफार रजिस्टर मागवलं. वाटपाचा फेरफार सापडला. त्यात शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात होतं : विहीर व थळ चार आर सामाईक. कोणाच्याही खात्यात ते गेलं नव्हतं, कारण ते चौघांचं होतं. मग चौघांचं सामाईक खातं, त्यावर चार आर, फेरफाराचा आधार जोडून तहसीलदारांकडे १५५ चा प्रस्ताव. धाकट्याच्या नावावर ते टाकलं असतं तर उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटली असती, आणि सही आमची असती.

ठरलेले नियम

त्या गटानंतर मंडळापुरते दोन नियम ठरले. लेखी नाही, तोंडी, पण सगळ्यांसमोर. फेरफाराचा नंबर हाती लागल्याशिवाय कोणाचं नाव किंवा क्षेत्र हलणार नाही. आणि सहीचं डोंगल मालकाच्या खिशातून बाहेर पडणार नाही, मग तो लघवीला गेला तरी. दुसऱ्या नियमावर हशा पिकला, पण तो पाळला गेला.

त्याबरोबर माझ्या बाजूनं एक शब्द दिला. ज्या गटाचा आधार सापडत नाही तो गट ‘प्रलंबित, कारण अमुक’ म्हणून माझ्या सहीच्या यादीत जाईल. उशीर झाला तर विचारणा यादीवर सही करणाऱ्याला होईल. अण्णांच्या पेन्शनच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर होतं. पूर्ण उत्तर ते नव्हतं आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

कामाची मांडणीही बदलली. तोवर प्रत्येक जण आपापल्या सज्यात एकटा झुंजत होता. आम्ही रात्री मंडळाच्या मुख्य गावी शाळेच्या एका खोलीत एकत्र बसायला लागलो. सात लॅपटॉप, विजेचे दोन बोर्ड, कोतवालाच्या घरून चहा. पहिल्याच आठवड्यात एक अडचण उभी राहिली. आमच्यात एक तरुण तलाठी होत्या, इंजिनिअरिंग करून परीक्षा देऊन आलेल्या. त्यांचा हात इतका भराभर चालायचा की जो तो अडला की लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवायचा. त्या तिसऱ्या रात्री स्पष्ट म्हणाल्या, “सर, सगळ्यांचं मी करते, पण माझ्या सज्याचं कोण करणार? आणि मला हे जुनं अक्षर वाचता येत नाही, ते कोण सांगणार?”

प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्यातच उत्तर होतं. त्यांची आणि अण्णांची जोडी लावली. त्यांनी अण्णांच्या गावांचं स्क्रीनवरचं काम शिकवायचं, करून द्यायचं नाही. अण्णांनी त्यांच्या गावचे जुने फेरफार वाचून द्यायचे. बाकीच्यांच्याही जोड्या अशाच. मदत एका बाजूनं वाहत होती तोवर म्हातारे ओशाळत होते आणि तरुण वैतागत होते. अण्णांना पन्नास वर्षांपूर्वीच्या कारकुनांची अक्षरं ओळखू यायची. ‘हा अमक्याचा हात, हा क्षेत्र लिहिताना शून्य विसरायचा’ असं ते सांगायचे आणि ते खरं निघायचं. त्या खोलीत त्यांचा मान पारावरच्यापेक्षा जास्त होता.

झिरो तलाठी असलेल्या त्या पोराला मी खोलीत येऊ दिलं नाही. त्याच्या तलाठ्याला दोन आठवडे ते फार झोंबलं. पण ज्याच्या हातात किल्ली द्यायची त्याच्या हातात आपली नोकरी द्यायची, हे त्यालाही कळत होतं. तो तलाठी आमच्यात सगळ्यात मागे राहिला आणि शेवटपर्यंत मागेच होता. त्याला मी रेटलं नाही. त्याचा एक लहान गाव दुसऱ्या दोघांत वाटून दिला, एवढंच.

टक्केवारी

खरा ताण आला तो वरून. रोज रात्री तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मंडळनिहाय टक्केवारीचा तक्ता पडायचा. मागे असणाऱ्यांच्या ओळी लाल. आमची ओळ कित्येक आठवडे लाल होती, कारण आमचे गट यादीत पडून होते आणि शेजारच्या काही मंडळांचे अहवाल झपाट्यानं निरंक होत होते. ते कसे होत होते ते मला माहीत होतं. बेरीज जुळवायला चार आर कुठेही टाकता येतात.

तो तक्ता मी आमच्या सात जणांच्या ग्रुपवर कधी टाकला नाही. तिथे रोज सकाळी फक्त अडलेल्या गटांची यादी जायची : गाव, गट, काय अडलंय, कोण बघतंय. माणूस टक्केवारी पाहून काही दुरुस्त करू शकत नाही, गट पाहून करू शकतो. यावर मतभेद होऊ शकतो. माझ्या एका मित्राचं, तोही सर्कलच, म्हणणं होतं की लोकांना वस्तुस्थितीपासून अंधारात ठेवणं बरं नव्हे. पण ते अंधारात नव्हते, तालुक्याचा ग्रुप त्यांच्याही फोनवर होता. प्रश्न एवढाच होता की तो तक्ता माझ्या तोंडून त्यांच्यापर्यंत जावा का.

आढावा बैठकीत विचारणा झालीच. कारणे दाखवा नोटीसही आली. खुलाशात मी कारणांचा निबंध लिहिला नाही, प्रलंबित गटांची यादी जोडली. प्रत्येकासमोर फेरफार क्रमांक किंवा ‘फेरफार आढळत नाही’ असा शेरा. तहसीलदार साहेबांनी यादी चाळली आणि विचारलं, “यातले १५५ चे प्रस्ताव माझ्याकडं किती दिवस पडलेत?” पुढच्या आठवड्यात त्यांतले बरेचसे निकाली निघाले. आमच्या कामाची सगळ्यात अरुंद जागा तीच होती आणि ती मंडळाच्या बाहेर होती. आकड्यांच्या तक्त्यात ती कुठेच दिसत नव्हती.

त्यातच जून उजाडला. पीककर्जासाठी उतारे, मग ३१ जुलैची पीकविम्याची मुदत, पेरा प्रमाणपत्रं. दिवसा रांगा, रात्री री-एडिट. एक तलाठी तापानं पडले. त्या पंधरवड्यात मी रात्रीची बैठक एक दिवसाआड केली आणि टक्केवारी आणखी घसरली. माणसं झोपेत सही करायला लागली असती तर सगळा खटाटोप फुकट होता.

चावडीवर

अण्णांच्या सज्यातल्या मोठ्या गावचं चावडी वाचन मारुतीच्या देवळात झालं. गट वाचत वाचत एका नावाशी आले. एका खातेदाराच्या बहिणीचं नाव. संगणकावर ते चालू दिसत होतं, हस्तलिखितात त्याला कंस होता. ऑपरेटरनं गाळलेला आणखी एक कंस, असंच कोणालाही वाटलं असतं. अण्णांनी मूळ पान माझ्यापुढे धरलं. कंस पेन्सिलीचा होता आणि शेजारी नंबर नव्हता. फेरफार रजिस्टरात हक्कसोडाची नोंद नव्हती, वाटपाची नव्हती, काहीच नव्हतं.

भाऊ तावातावानं उभा राहिला. “भाऊसाहेब, वीस वर्षं कंस आहे तिथं. आता तुम्ही काढता?”

अण्णा शांतपणे म्हणाले, “कंसाला नंबर दाखवा, आत्ता घालतो.”

गर्दीत कुजबुज झाली. बहीण तिथे नव्हती, परगावी दिलेली होती. बाई हजर नाही, भाऊ गावातला वजनदार, तलाठी निवृत्तीला आलेला. अशा वेळी कंस घालून मोकळं होणं किती सोपं असतं हे खात्यातल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. ‘हस्तलिखिताप्रमाणे’ हा शेरा तयारच होता, आणि तो खोटाही ठरला नसता. अण्णांनी नाव तसंच ठेवलं, भावाची हरकत लिहून घेतली आणि त्याला रीतसर दाद मागायचा रस्ता सांगितला.

परतताना गाडीवर मी त्यांना विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाले, “वाटली की. पण आता सहीवर वेळसुद्धा उमटते. बारा वाजून दहा मिनिटांनी मी काय केलं ते मलाच उद्या वाचायचंय.” ज्या गोष्टीची त्यांना बैठकीत धास्ती होती तीच आता त्यांच्या बाजूनं उभी होती. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. चार आरचा गट आणि यादीवरची सही यांच्या मधल्या कुठल्यातरी रात्री त्यांनी ते स्वतःच जुळवलं.

पुढे काय झालं

आमचं मंडळ तालुक्यात शेवटून दुसरं पूर्ण झालं. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सात-बारा राज्यात सुरू झाला आणि पुढे पंधरा रुपयांत तो कोणालाही घरबसल्या मिळू लागला. तलाठी कार्यालयापुढची उताऱ्यांची रांग आटली. ज्या मंडळांचे अहवाल भराभर निरंक झाले होते तिथे नंतर १५५ च्या अर्जांची रांग लागली. आमच्याकडे ती लागलीच नाही असं नाही, लहान होती. यात आमची हुशारी किती आणि गावं मुळात कमी गुंत्याची होती हा भाग किती, ते मला नेमकं वेगळं काढता येत नाही.

अण्णा वेळेवर निवृत्त झाले, पेन्शन वेळेवर सुरू झाली. झिरो तलाठ्याचं काम गेलेल्या पोरानं त्याच गावात सेवा केंद्र टाकलं. डिजिटल सात-बारा काढून देतो, वर अर्ज भरून देतो, आणि आधीपेक्षा बरं कमावतो. त्याचा जुना तलाठी आजही माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो.

१५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर आली. पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवरून करायची, तलाठ्यानं त्यातल्या दहा टक्के तपासायच्या. म्हणजे गाव नमुना बारासुद्धा हातातून गेला. तोवर माझी बदली झाली होती, पण त्या तरुण तलाठीबाईंचा फोन आला. त्यांनी मंडळातल्या सगळ्यांना बोलावून आधी स्वतः दोन शिवारं फिरून पाहिली होती. बांधावर रेंज कुठे मिळते, एका गटात दोन पिकं असतील तर काय होतं, याची यादी करून मगच गावात बैठक घेतली. त्यांचा प्रश्न वेगळाच होता : शेतकऱ्यानं चुकीचं पीक टाकलं आणि विमा अडकला, तर यादीवर सही कोण करणार? नव्या सर्कलनी नकार दिला होता.

मी बदलून गेलो तेव्हा पदभाराच्या यादीत प्रलंबित गटांची दोन पानं होती. मारुतीच्या देवळातला तो गट त्यात आहे. बहिणीनं नंतर स्वतः वाटपाचा दावा लावला, तो दिवाणी न्यायालयात चालू आहे. बाकीच्यांपैकी काहींना मोजणी हवी आहे, काहींचे जुने फेरफार पाण्यानं खराब झालेल्या रजिस्टरात आहेत आणि ते वाचू शकणारा माणूस आता निवृत्त आहे. तो फोनवर येतो. पानाचा फोटो पाठवला की तासाभरात ‘हा अमक्याचा हात’ म्हणून उत्तर पाठवतो.